सामना नको, वेळापत्रक कापा

जागतिक बॅडमिंटन महासंघाच्या दारात गेली काही वर्षं एकच प्रस्ताव वेगवेगळ्या कपड्यांत येऊन उभा राहतो आहे. सामने लांबतात, तेव्हा गेम छोटा करा. आधी 11 गुणांचे पाच गेम सुचवले गेले. 2018 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये त्याला लागणारी दोन-तृतीयांश मतं मिळाली नाहीत. मग 15 गुणांचे तीन गेम पुढे आले. 2025 मध्ये त्याच्या चाचण्या झाल्या. गुवाहाटीची ज्युनियर जागतिक स्पर्धाही त्याच मापाने खेळवली गेली, आणि आपल्या तन्वी शर्माने तिथे रौप्यपदक मिळवलं. हा बदल कधी आणि कुठल्या स्पर्धांना लागू व्हावा, हा तपशील बाजूला ठेवू. त्यामागे दिली जाणारी कारणं मात्र तपासली पाहिजेत.

कारणं दोन सांगितली जातात. एक, टीव्हीवरच्या प्रेक्षकाला तासाभराच्या आत निकाल हवा असतो. दोन, छोट्या सामन्यांमुळे खेळाडूंच्या शरीरावरचा ताण कमी होईल. पहिलं कारण धंद्याचं आहे. ते मला पटत नसलं तरी समजतं. दुसऱ्या कारणात मात्र खेळाडूंच्या मोडलेल्या गुडघ्यांचा आधार घेतला जातो आणि त्या गुडघ्यांना नेमकं काय झालं, हे कोणी विचारत नाही. माझा विरोध त्याला आहे. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतली महिला एकेरी डोळ्यांपुढे ठेवली तर हा विरोध कशासाठी, ते स्पष्ट होईल.

सुरुवात इतिहासापासून करावी लागेल, कारण तो सोयीस्करपणे विसरला जातो. 2006 पर्यंत पुरुषांचा एकेरीचा गेम 15 गुणांचा होता आणि स्त्रियांचा 11 चा. सर्व्हिस आपल्याकडे असेल तरच गुण मिळायचा. ज्या खेळाचे सुरुवातीचे नियम पुण्याच्या छावणीत घडले, ज्याला एके काळी ‘पूना’ या नावानेच ओळखत, त्या खेळात हा फरक पिढ्यान्‌पिढ्या कोणाला खटकला नाही. पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांच्या मुली तारा, सुंदर आणि सुमन यांनी 1940 च्या दशकात भारतीय बॅडमिंटन गाजवलं, तेही याच 11 च्या मापावर. बाईच्या अंगात यापेक्षा जास्त दम नसतो, हे नियमाच्या पुस्तकात गृहीतच धरलेलं होतं. 2006 मध्ये 21 गुणांची पद्धत आली. प्रत्येक रॅलीला गुण मिळू लागला आणि स्त्री-पुरुषांना एकच माप लागलं. या निर्णयाचं कौतुक फारसं कोणी केलं नाही. माझ्या मते या खेळातल्या स्त्रियांना मिळालेली ती सर्वांत मोठी मान्यता होती.

त्या मान्यतेचं स्त्रियांनी काय केलं, हे पाहायचं तर 27 ऑगस्ट 2017 चा ग्लासगोमधला अंतिम सामना पाहावा. आपल्याकडे गणपतीचा तिसरा दिवस होता. आरत्या आटोपून माणसं टीव्हीपुढे बसली होती. एका बाजूला पाच फूट दहा इंचांची पी. व्ही. सिंधू, दुसऱ्या बाजूला जपानची, जेमतेम पाच फूट उंचीची नोझोमी ओकुहारा. सिंधूचे वरून येणारे स्मॅश ओकुहारा जमिनीलगत उचलायची आणि शटल पुन्हा मागच्या रेषेपर्यंत पोचवायची. सिंधू परत मागे जायची, परत मारायची. पहिला गेम ओकुहाराने 21-19 घेतला. दुसऱ्यात सिंधू 21-20 अशी पुढे असताना जी रॅली सुरू झाली ती 73 फटके चालली. ती सिंधूने जिंकली आणि गेम 22-20 असा तिच्या पदरात पडला. दोघी कंबरेतून वाकून श्वास घेत होत्या. तिसरा गेम ओकुहाराने 22-20 असा जिंकला. सामना 110 मिनिटं चालला.

त्या 73 फटक्यांच्या रॅलीला अर्थ आला तो तिच्या आधीच्या तासाभरामुळे. पाय जड झालेले, समोरचीचा प्रत्येक डाव ओळखीचा झालेला, आपलं हुकमी हत्यार कुठे बोथट पडतं हे तिलाही कळून चुकलेलं. अशा वेळी माणूस काय निवडतो, हे पाहण्यासाठी एकेरीचा सामना पाहायचा असतो. 15 गुणांचा खेळ वेगवान असेल, चुरशीचाही असेल. गुवाहाटीच्या मुलींनी तो छान खेळून दाखवला. पण त्यात पहिल्या चार-पाच चुका भरून काढायला जागा कमी उरते. उशिरा सूर सापडणाऱ्या, समोरचीला हळूहळू थकवत नेणाऱ्या खेळाडूची वाट अरुंद होते. जपानचीच अकाने यामागुची उंचीने ओकुहाराइतकीच, आणि 2021, 2022 व 2025 अशी तीनदा जागतिक विजेती. तिचा सगळा खेळ चिकाटीवर उभा आहे. कोरियाच्या आन से-यंगचाही. महिला एकेरी आज ज्या उंचीवर आहे ती याच घडणीच्या खेळाडूंमुळे.

सामने फार लांबतात, या तक्रारीबद्दलही थोडं. ग्लासगोनंतर दोनच वर्षांनी, 2019 मध्ये बासेलला याच दोघी पुन्हा अंतिम फेरीत आल्या. सिंधूने 21-7, 21-7 असा सामना 38 मिनिटांत संपवला आणि भारताला बॅडमिंटनमधलं पहिलं जागतिक सुवर्ण मिळालं. माप तेच, खेळाडू त्याच. एकदा 110 मिनिटं, एकदा 38. किती वेळ लागेल ते आधी ठाऊक नसणं हा या खेळाचा प्राण आहे. प्रक्षेपणाच्या चौकटीत तो बसत नसेल तर चौकट थोडी सैल करावी.

आता गुडघ्यांकडे येऊ. रिओ ऑलिंपिक, 2016. उपांत्य फेरीत स्पेनच्या कॅरोलिना मारिनविरुद्ध खेळताना चीनच्या ली श्वेरुईचा गुडघा गेला. मारिनने दोनच गेममध्ये सामना जिंकला, आणि ली कांस्यपदकासाठीही कोर्टवर उतरू शकली नाही. जानेवारी 2019, इंडोनेशिया मास्टर्सचा अंतिम सामना, समोर सायना नेहवाल. मारिन पहिल्याच गेममध्ये 10-4 ने पुढे होती. उडी मारून खाली येताना उजव्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. 2021 मध्ये सरावात डावा गुडघा गेला आणि टोकियो ऑलिंपिक हुकलं. ऑगस्ट 2024, पॅरिस ऑलिंपिकची उपांत्य फेरी. मारिनने चीनच्या ही बिंगजिआओविरुद्ध पहिला गेम 21-14 जिंकला होता, दुसऱ्यात ती 10-8 ने पुढे होती, आणि पुन्हा उजवा गुडघा. जून 2025, इंडोनेशिया ओपन. आपली नागपूरची मालविका बनसोड 2013 ची जागतिक विजेती रॅचनॉक इंतानॉनविरुद्ध पहिला गेम जिंकून दुसऱ्यातही पुढे होती. गुडघ्याने दगा दिला, सामना सोडावा लागला आणि पुढचे कित्येक महिने ती कोर्टाबाहेर राहिली.

ही यादी पुन्हा वाचा. यातली एकही दुखापत थकव्याने पाय लटपटणाऱ्या तिसऱ्या गेममधली नाही. एक तर पहिल्या गेमच्या दहाव्या गुणाच्या आसपासची आहे. गेम 15 चा असता तर मारिनचा गुडघा वाचला असता का? 10-4 हा आकडा दोन्ही मापांत येतोच. उलट गेम छोटा झाला की पहिल्या गुणापासून अंग झोकून खेळावं लागतं. अंदाज घेत खेळायला, शरीर हळूहळू तापवायला सवड उरत नाही. दिशा झटकन बदलण्याच्या आणि एका पायावर उतरण्याच्या खेळांत गुडघ्याची ही दुखापत स्त्रियांना पुरुषांपेक्षा जास्त होते, हे वैद्यकशास्त्र केव्हापासून सांगतं आहे. हा धोका कमी करायचा तर दोन स्पर्धांमध्ये विश्रांती, ताकदीच्या व्यायामाला वेळ आणि लहानसं दुखणं मोठं होण्याआधी थांबायची मुभा, या तीन गोष्टी लागतात. तिन्हींचा संबंध वेळापत्रकाशी आहे.

ते वेळापत्रक कसं आहे? महासंघाच्या नियमांनुसार एकेरीतल्या पहिल्या 15 खेळाडूंना वर्षाला 12 स्पर्धा सक्तीच्या आहेत: दौऱ्यातल्या सर्वांत वरच्या सुपर 1000 श्रेणीच्या चारही, त्याखालच्या सुपर 750 च्या सहाही आणि सुपर 500 पैकी किमान दोन. कारणाशिवाय गैरहजर राहिलात तर दंड. यात जागतिक अजिंक्यपद नाही, ऑलिंपिक नाही, आशियाई स्पर्धा नाही, महिला संघांचा उबर चषक नाही. त्या सगळ्या वर. जानेवारीत मलेशिया आणि दिल्ली, मार्चमध्ये बर्मिंगहॅम, मग सिंगापूर, जकार्ता, टोकियो, चीन, डेन्मार्क, फ्रान्स. विमानतळ, अनोळखी हॉटेल, नवा हॉल, वातानुकूलनाचा वेगळा झोत, आणि मंगळवारी किंवा बुधवारी पहिली फेरी. क्रमवारी टिकवली नाही तर ऑलिंपिकची जागा धोक्यात येते, त्यामुळे 12 वर थांबायची हिंमतही थोड्यांनाच होते. आन से-यंगने 2025 या एका वर्षात 77 सामने खेळले. त्यातले 73 जिंकले, 11 विजेतेपदं मिळवली. हा पराक्रम आहे. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीने तो करावा अशी व्यवस्थेचीच अपेक्षा असणं, याला मात्र मी पराक्रम म्हणणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून अनेकांना धक्का बसतो. ज्या जागतिक अजिंक्यपदासाठी खेळाडू आयुष्य पणाला लावतात, तिथे बक्षिसाची रक्कम नसते. पदक मिळतं, क्रमवारीचे गुण मिळतात. पैसा मिळतो तो वर्षभरच्या दौऱ्यावर. म्हणजे सर्वांत मोठ्या स्पर्धेसाठी शरीर राखून ठेवायचं तर कमाई सोडायची, आणि कमाई करायची तर शरीर झिजवत तिथे पोचायचं. पहिल्या दहांतल्या खेळाडूंना पुरस्कर्ते असतात, त्यांचं भागतं. तिसाव्या-चाळिसाव्या क्रमांकावरच्या मुलीने काय करायचं?

आन से-यंगची गोष्ट इथे थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण हा प्रश्न उघड्यावर आणण्याचं धाडस तिने केलं. ऑगस्ट 2023 मध्ये कोपनहेगनला ती जगज्जेती झाली. एकेरीत जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली कोरियन खेळाडू. दीड महिन्याने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात चीनच्या चेन युफेईविरुद्ध तिचा गुडघा दुखावला. पट्ट्या बांधून ती तिसऱ्या गेमपर्यंत खेळली आणि सुवर्ण जिंकली. त्या दुखापतीचं सुरुवातीचं निदान सौम्य होतं. प्रत्यक्षात ती बरीच गंभीर निघाली आणि पुढचं वर्षभर दुखण्यासकट खेळावं लागलं. 5 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये तिने ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. 1996 नंतर कोरियाला महिला एकेरीत मिळालेलं हे पहिलंच. आणि त्याच दिवशी, पदक गळ्यात असताना, आपल्या दुखापतीबाबत राष्ट्रीय संघाने दाखवलेल्या बेपर्वाईबद्दल ती पत्रकारांपुढे बोलली.

तिच्यावर टीका झालीच. सुवर्णाच्या दिवशी असं बोलतात का, असं विचारणारे तिकडेही होते आणि आपल्याकडेही असते. पण तिच्या तक्रारीतून एकेक नियम उजेडात येत गेला. राष्ट्रीय संघाबाहेर राहून आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळायच्या तर संघात किमान पाच वर्षं काढलेली असली पाहिजेत आणि स्त्रीखेळाडूचं वय 27 तरी हवं. ज्या खेळात पंचविशीत शरीर माथ्यावर असतं, तिथे स्वतःच्या मर्जीने खेळायचं वय 27! पायात कोणते बूट घालायचे हेसुद्धा संघटनेच्या करारावर ठरायचं. सरकारच्या क्रीडा मंत्रालयाला चौकशी करावी लागली. जानेवारी 2025 मधल्या निवडणुकीत संघटनेचे अध्यक्ष पराभूत झाले आणि दुहेरीतले माजी ऑलिंपिक विजेते किम दोंग-मून त्या जागी आले. एका खेळाडूच्या चार वाक्यांनी हे घडलं, असं म्हणणं सोपं आहे. पण ती चार वाक्यं बोलायला तिला आधी ऑलिंपिक सुवर्ण जिंकावं लागलं. ज्या मुली उपांत्यपूर्व फेरीत हरतात त्यांच्या गुडघ्याबद्दल कोण विचारणार?

भारतात याची झळ आपल्याला लागली नाही असं समजू नये. रिओमध्ये सायना दुखऱ्या गुडघ्याने खेळली आणि परतल्यावर तिची मुंबईत शस्त्रक्रिया झाली. वर्षभरात ती ग्लासगोला कांस्यपदकापर्यंत पोचली. सिंधूचं रौप्य आणि सायनाचं कांस्य, एकाच जागतिक स्पर्धेच्या महिला एकेरीत दोन भारतीय, हे तिथेच प्रथम घडलं. पण सायनाने तिथे जे जाहीरपणे सांगितलं ते आपण विसरलो. तिचा उपांत्यपूर्व सामना रात्री उशिरा, तीन गेमपर्यंत चालला आणि उपांत्य सामना दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात ठेवला गेला. ओकुहाराविरुद्ध पहिला गेम तिने 21-12 असा आरामात घेतला. पुढचे दोन गेले. तिसरा 21-10. निकालाचं श्रेय ओकुहाराचंच, त्यात शंका नाही. पण एका खेळाडूला पुरती झोप मिळते आणि दुसरीला मिळत नाही, हा प्रश्न गेम 15 चा केल्याने सुटणार आहे का? तो सुटतो सामन्यांचा तक्ता करणाऱ्याच्या टेबलावर. सिंधूचंही तेच. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत घोट्याला दुखापत घेऊन ती सुवर्णापर्यंत खेळली आणि त्याच महिन्यातल्या टोकियोच्या जागतिक स्पर्धेला मुकली. दोन मोठ्या स्पर्धांमध्ये पंधरा दिवसांचंही अंतर नव्हतं. 2025 मध्ये पॅरिसला चेन युफेईने उपांत्य फेरीत आन से-यंगला हरवलं, पण त्याच सामन्यात तिचा घोटा मुरगळला. दुसऱ्या दिवशीचा अंतिम सामना यामागुचीने 21-9, 21-13 असा घेतला. यामागुची त्या आठवड्यात अप्रतिम खेळली. तरीही जगातल्या सर्वोत्तम दोघींचा सामना पाहायला आलेल्यांना त्या दिवशी एकच खेळाडू धड अवस्थेत दिसली.

15 गुणांच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे, तो नाकारत नाही. स्पर्धेच्या आठवड्यात कोर्टवरची एकूण मिनिटं कमी होतील आणि सरावाची मात्राही काही प्रमाणात बदलेल. पण कमी मिनिटांचं पुढे काय होतं, हे इतर खेळांनी दाखवून दिलं आहे. क्रिकेटमध्ये वीस षटकांचे सामने आले. त्याने खेळाडूंचं वर्ष मोकळं झालं का? सामना छोटा झाला की तेवढ्याच वेळात आणखी सामने बसवले जातात. सक्तीच्या 12 स्पर्धा कमी करण्याचं ठोस वचन कुठेही न देता केवळ गुण कमी केले, तर खेळाडूंना आराम मिळेल यावर माझा विश्वास नाही.

महासंघाची सवयही लक्षात ठेवण्यासारखी आहे. 2011 मध्ये स्त्रीखेळाडूंनी स्कर्ट किंवा ड्रेसच घालावा असा नियम येऊ घातला होता. खेळ आकर्षक दिसावा, प्रेक्षक वाढावेत, हे कारण दिलं होतं. खेळाडूंनी आणि अनेक देशांनी विरोध केला, तेव्हा 2012 मध्ये तो गुंडाळावा लागला. प्रेक्षक हवेत म्हटल्यावर आधी खेळाडूला, त्यातही स्त्रीखेळाडूला बदलायचं, ही खोड जुनी आहे.

आता हे सगळं आपल्या अंगणात आलं आहे. ऑगस्ट 2026 च्या जागतिक स्पर्धेचं यजमानपद नवी दिल्लीकडे आहे. भारतात ही स्पर्धा याआधी एकदाच, 2009 मध्ये हैदराबादला झाली. यजमान म्हणून आपली पत काय आहे, हे जानेवारीतल्या इंडिया ओपनने सांगितलंच आहे. डेन्मार्कच्या मिया ब्लिखफेल्टने स्वच्छतेबद्दल जाहीर तक्रार केली. तिच्याच देशाच्या अँडर्स अँटनसनने दिल्लीच्या हवेचं कारण देऊन सलग तिसऱ्या वर्षी माघार घेतली आणि त्याबद्दल 5000 डॉलर दंड भरावा लागल्याचं सांगितलं. या दंडाचा आपल्याला राग यायला हवा होता. आपण मात्र परदेशी खेळाडू आपल्या शहराला नावं ठेवतात म्हणून रागावलो. ज्या हवेत दिल्लीतल्या शाळा बंद ठेवाव्या लागतात, तिथे तासभर छाती फुटेपर्यंत धावायला एखाद्याने नकार दिला तर त्याला दंड का?

यजमान देश स्वतःच्या बळावर सक्तीच्या स्पर्धांची संख्या कमी करू शकत नाही. पण तो आग्रह धरू शकतो. उपांत्यपूर्व फेरीतला रात्रीचा शेवटचा सामना संपल्यापासून त्या खेळाडूच्या पुढच्या सामन्यापर्यंत किमान 18 तास जावेत, हा नियम दिल्लीत पाळून दाखवता येईल. दुखापत झालेल्या खेळाडूने पुढे खेळावं की नाही, याबाबत तिच्या संघटनेशी बांधील नसलेल्या डॉक्टरचा सल्ला तिला तिथल्या तिथे मिळेल, अशी सोय करता येईल. हॉल स्वच्छ, हवा मोजलेली आणि रोजचे आकडे जाहीर, हे तर किमान. भारतीय बॅडमिंटन संघटनेने महासंघाच्या बैठकीत सक्तीच्या स्पर्धा 12 वरून 8 वर आणण्याचा प्रस्ताव स्वतःच्या नावाने मांडावा. बॅडमिंटनला आज भारतीय प्रेक्षक आणि भारतीय बाजारपेठ हवी आहे, त्यामुळे आपलं म्हणणं ऐकून घ्यावंच लागेल.

आणि सिंधू आहे. 2026 ते 2029 या काळासाठी महासंघाच्या खेळाडू आयोगाच्या अध्यक्षपदी तिची निवड झाली आहे. आन से-यंगही त्याच आयोगावर आहे. एकीने 110 मिनिटांचा अंतिम सामना खेळला आहे, दुसरीने वर्षात 77 सामने. थकवा म्हणजे काय आणि दुखापत कुठून येते, हे या दोघींपेक्षा अधिकाराने सांगू शकेल असं त्या इमारतीत दुसरं कोणी नाही. त्यांनी गुणांच्या चर्चेत अडकू नये. स्पर्धांची यादी टेबलावर ठेवावी आणि पहिल्या 15 खेळाडूंच्या सह्यांनिशी त्यातल्या चार स्पर्धांपुढचा ‘सक्तीची’ हा शेरा काढून घ्यावा.